घाटात गिअर कुणी बदलायचा?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की आपल्याकडच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या दिसू लागतात. पुढे एक ट्रॅक्टर, त्याला जोडलेली एक ट्रॉली आणि तिच्यामागे आणखी एक. मागच्या वाहनांना या वरातीचा वैताग येतो, हॉर्न वाजतात, कुणी शिव्याही हासडतो. पण कधी सवड काढून त्या ट्रॅक्टरवाल्याकडे पाहा. चढ सुरू व्हायच्या बराच आधी तो गिअर बदलून घेतो आणि मग चढ संपेपर्यंत त्या दांड्याला हात लावत नाही. गाडी मुंगीच्या पावलानं चालली तरी चालेल, पण चढावर गिअर बदलायचा नाही, हा त्याचा नियम.

हा नियम त्यानं पुस्तकात वाचलेला नाही. गिअर बदलायचा म्हणजे क्लच दाबायचा आणि क्लच दाबला की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. मोकळ्या गाडीला त्या एक-दीड सेकंदाचं काही वाटत नाही. पण मागं काही टन ओझं असेल आणि समोर चढ असेल, तर तेवढ्या वेळात वेग मरतो, पुढचा गिअर पडत नाही आणि मग ओझं ट्रॅक्टरला मागं ओढू लागतं. त्यातून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण वाचत असतोच.

माझे एक मामा मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रक चालवायचे. जुन्या रस्त्यावर, एक्स्प्रेस-वेच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या वेळच्या बहुतेक ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नसायचा. खालचा गिअर टाकायचा तर आधी क्लच दाबून न्यूट्रल करा, क्लच सोडा, अ‍ॅक्सिलरेटर अंदाजानं दाबा, पुन्हा क्लच दाबा आणि मग गिअर. यालाच ड्रायव्हर लोक ‘डबल क्लच’ म्हणतात. अंदाज चुकला की दांडा थरथरतो, दातांचा करकराट होतो आणि गिअर पडत नाही. एका पावसाळी रात्री खंडाळ्याच्या चढावर मामांचा असाच गिअर चुकला. गाडी भरलेली आणि न्यूट्रलमध्ये. ‘उस्ताद, थांबा’ असं ओरडत क्लीनरनं अंधारात उडी मारली आणि मागच्या चाकाखाली दगड सारला. ब्रेक आणि दगड यांनी मिळून गाडी धरली. मामा ही गोष्ट सांगताना हसायचे, पण क्लीनरचं नाव घेताना हात जोडायचे.

ओझं ओढताना गिअर बदलण्याचं काम माणसाच्या हाती असावं की यंत्राच्या? गेली शंभर वर्षं हा वाद चालू आहे आणि त्याचा इतिहास वाटतो त्यापेक्षा रंजक आहे.

सुरुवात फ्रान्समध्ये झाली. एमिल लव्हासोर या इंजिनीअरनं १८९१च्या सुमारास पानार-लव्हासोर मोटारीत इंजिन पुढे, त्यामागे क्लच आणि त्यामागे सरकत्या दातेरी चाकांची पेटी अशी मांडणी केली. आजही कित्येक गाड्यांत जवळजवळ हीच मांडणी असते. एका शाफ्टवरची फिरती चाकं दुसऱ्या शाफ्टवरच्या फिरत्या चाकांत सरकवून बसवायची, म्हणजे अक्षरशः दाताला दात भिडवायचे. हा प्रकार रानटी आहे, पण चालतो, असं खुद्द लव्हासोरच म्हणाला होता असं सांगतात. तो तसं म्हणाला असो वा नसो, वर्णन तंतोतंत आहे.

या रानटीपणाची खरी किंमत कळली ती पहिल्या महायुद्धात. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोम नदीच्या आघाडीवर ब्रिटिशांचे रणगाडे प्रथमच लढाईत उतरले. ‘मार्क वन’ हा रणगाडा सुमारे २८ टनांचा आणि त्याला ओढायला १०५ अश्वशक्तीचं इंजिन. आत आठ माणसं. त्यातली चार माणसं नुसती गाडी चालवण्यात गुंतलेली असत! एक ड्रायव्हर, त्याच्या शेजारी ब्रेक सांभाळणारा कमांडर आणि मागच्या बाजूला दोन गिअरवाले, एक उजव्या पट्ट्याचा आणि एक डाव्या पट्ट्याचा. इंजिन माणसांच्या मधोमध उघडंच ठेवलेलं. त्या गोंगाटात बोलणं ऐकू येणं अशक्य. म्हणून ड्रायव्हर इंजिनच्या झाकणावर ठोकून लक्ष वेधून घ्यायचा आणि हातानं खूण करून कुठला गिअर हवा ते सांगायचा. शत्रूच्या गोळीबारात, धुरानं भरलेल्या पेटीत, नुसतं वळायचं म्हटलं तरी चार माणसांचं एकमत व्हावं लागे.

वॉल्टर विल्सन या इंजिनीअरनं, जो मुळात रणगाड्याच्या जनकांपैकी एक होता, यावर उपाय काढला. १९१८च्या ‘मार्क फाइव्ह’ रणगाड्यात त्यानं ग्रहगती गिअर बसवले आणि चौघांचं काम एकट्या ड्रायव्हरवर आलं. ग्रहगती म्हणजे काय? मध्ये एक दातेरी चाक, त्याला सूर्य म्हणू. त्याच्याभोवती फिरणारी तीन-चार छोटी चाकं, ते ग्रह. या सगळ्यांना वेढणारं आतून दाते असलेलं एक कडं. तिन्हींपैकी एकाला पट्ट्यानं करकचून थांबवलं की बाकीच्यांचा वेग बदलतो. यातली खुबी अशी की दाते एकमेकांतून कधीच सुटत नाहीत. सरकवायचं काही नाही, त्यामुळे चुकायचंही काही नाही. हेन्री फोर्डनं १९०८च्या ‘मॉडेल टी’त हीच तऱ्हा वापरली होती. पुढं जे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आले त्यातल्या बहुतेकांच्या पोटात ही सूर्यमालाच आहे.

दुसरा धागा समुद्रावरून आला. हेरमान फ्योटिंगर हा जर्मन इंजिनीअर श्टेटिन इथल्या जहाज बांधणाऱ्या कारखान्यात होता. जहाजाच्या वाफेच्या टर्बाइनला भरभर फिरायला आवडतं आणि पाण्यातल्या पंख्याला सावकाश. या दोघांचं लग्न कसं लावायचं? १९०५ साली फ्योटिंगरनं पेटंट घेतलं ते दाते नसलेल्या जोडणीचं. घरात दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा आणि एकच चालू करा. त्याच्या वाऱ्यानं दुसराही फिरू लागतो. वाऱ्याच्या जागी तेल घ्या, दोन्ही पंखे एका बंद डब्यात कोंडा, झाली ‘फ्लुइड कपलिंग’. फ्योटिंगर याच्याही पुढे गेला. दोघांच्या मध्ये त्यानं तिसरा, न फिरणारा पंखा बसवला. परतणाऱ्या तेलाला तो अशा कोनात वळवतो की पहिल्या पंख्याला उलट रेटा मिळण्याऐवजी मदतच होते. परिणाम असा की गाडी जागेवरून हलताना इंजिनाची पीळ देण्याची ताकद, ज्याला टॉर्क म्हणतात, साधारण दुपटीपर्यंत वाढून चाकांकडे जाते. हाच टॉर्क कन्व्हर्टर. क्लच नाही, घासणारी प्लेट नाही, झटका नाही. ओझं हलवण्यासाठी याहून चांगली गोष्ट नाही असं कुणालाही वाटेल.

मोटारीत हे सगळं एकत्र यायला १९३९ साल उजाडलं. जनरल मोटर्स कंपनीनं १९४०च्या ओल्डस्मोबिल मोटारींसाठी ‘हायड्रामॅटिक’ नावाचा चार वेगांचा पूर्ण स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला. जादा किंमत ५७ डॉलर. त्यात फ्योटिंगरची साधी कपलिंग होती आणि ग्रहगती गिअर होते. तो विकसित करणाऱ्यांचा प्रमुख होता अर्ल थॉम्पसन. गंमत बघा, हाताच्या गिअरमधला करकराट बंद करणारा सिंक्रोमेशही याच माणसाचा, १९२८ साली कॅडिलॅक मोटारीत आलेला. म्हणजे हातानं गिअर बदलणं सोपं केलं तेही त्यानंच आणि मग हाताची गरजच संपवली तीही त्यानंच.

लगेच दुसरं महायुद्ध आलं. अमेरिकेला हलक्या रणगाड्यांसाठी विमानाची इंजिनं पुरेनात, तेव्हा ‘एम-५ स्टुअर्ट’ रणगाड्यात कॅडिलॅक मोटारीची दोन इंजिनं आणि दोन हायड्रामॅटिक बसवण्यात आले. शेतातून, दुकानातून आलेल्या पोरांना रणगाडा शिकवायला वेळ कमी लागू लागला, हा मोठाच फायदा. युद्धानंतर कंपनीनं जाहिरातीत ‘रणांगणावर पारखलेला’ असं मिरवून घेतलं. या रणगाड्यांचं नातं आपल्याही इतिहासाशी आहे. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांनी साडेअकरा हजार फुटांवरच्या झोजी ला खिंडीत रणगाडे चढवून शत्रूला थक्क केलं, ते सातव्या कॅव्हलरीचे एम-५ स्टुअर्टच होते. मद्रास सॅपर्सनी खेचरांची वाट रुंद केली आणि त्या वाटेनं स्वतःचं पंधरा टनांचं वजन ओढत हे रणगाडे वर गेले. भारतातल्या रस्त्यांवर ऑटोमॅटिक गाडी ही श्रीमंतांची चैन समजली जात होती त्या काळात, लडाखच्या दाराशी जवान ती चालवत होते.

एवढं सगळं झाल्यावर ओझं ओढणाऱ्यांनी ऑटोमॅटिकला डोक्यावर घ्यायला हवं होतं. तसं झालं नाही. युद्धात रणगाडे वाहून नेणारा ‘डायमंड टी’ हा प्रचंड ट्रक घ्या. त्याला चार वेगांचा मुख्य गिअरबॉक्स आणि त्यामागे तीन वेगांचा दुसरा, असे एकूण बारा गिअर, सगळे हातानं टाकायचे. पुढची कित्येक दशकं अमेरिकेत कॅरॅव्हॅन, घोड्यांची गाडी किंवा होडी ओढणारा माणूस अभिमानानं सांगायचा की ऑटोमॅटिक बायकापोरांना बाजारात न्यायला ठीक, ओढायचं काम हाताच्या गिअरचं. (बायकांनी त्याच काळात किती ट्रक चालवले हे तो सोयीनं विसरायचा, ते असो.)

त्या शेखीमागे खरं कारण मात्र होतं, ते म्हणजे उष्णता. तेलातून ताकद देताना दोन पंख्यांच्या वेगात फरक राहतो आणि त्या फरकाइतकी ताकद तेल तापवण्यात जाते. हिशेब करून पाहू. इंजिन १०० अश्वशक्ती देतं आहे आणि त्यातली २० तेलात मुरताहेत असं समजा. ही २० अश्वशक्ती म्हणजे साधारण १५ किलोवॅट, म्हणजे एक हजार वॅटच्या पंधरा इस्त्र्या एका डब्यात अखंड चालू! सपाट रस्त्यावर मोकळी गाडी पळते तेव्हा हा फरक थोडा असतो. चढावर, मागं ट्रेलर असताना तो वाढतो. तेल जळतं, मग आतले पट्टे आणि चकत्या जळतात. १९४८ साली ब्युइक कंपनीनं ‘डायनाफ्लो’ आणला, त्यात नेहमीच्या चालण्यात सगळं काम टॉर्क कन्व्हर्टरच करायचा. चालवायला लोण्यासारखा, पण ताकद तेलात विरघळवणारा. शिवाय त्या काळच्या बऱ्याच ऑटोमॅटिकला दोन नाही तर तीनच गिअर. चढाला नेमका हवा तो गिअर दोघांच्या मधला असे आणि तो नसे.

हाच प्रश्न रेल्वेपुढेही होता आणि तिथं एका भारतीयाचं नाव घ्यायला हवं. डिझेल इंजिनाची ताकद चाकांपर्यंत विजेनं न्यायची की तेलानं, असा तो वाद. मनमोहन सुरी या रेल्वेच्या इंजिनीअरनं तेल आणि दातेरी चाकं यांची सांगड घालणारं हायड्रोमेकॅनिकल ट्रान्समिशन तयार केलं. ते ‘सुरी ट्रान्समिशन’ म्हणूनच ओळखलं जातं. त्यांना १९६२ साली भटनागर पुरस्कार मिळाला. यार्डात डबे ओढणारी, शंटिंगची डिझेल इंजिनं चित्तरंजनला बनली त्यांत ते वापरलं गेलं. मोठ्या गाड्या ओढायला मात्र विजेच्या मोटारीच शेवटी पुढे गेल्या.

रस्त्यावरच्या ऑटोमॅटिकची सुधारणा एका फटक्यात झाली नाही. पॅकार्ड कंपनीनं १९४९ साली एक युक्ती केली. गाडीनं वेग घेतला की दोन्ही पंखे एकमेकांना घट्ट जोडून टाकायचे, म्हणजे तेलातली गळती शून्य. ‘लॉक-अप’ म्हणतात ते हेच. ही युक्ती सर्रास वापरात यायला १९७८च्या आसपासचा काळ यावा लागला, कारण पेट्रोल महागल्याशिवाय कुणाला त्याची निकड वाटली नाही. मग तेल थंड करायला वेगळे रेडिएटर आले, गिअर तीनाचे चार, पाच, सहा झाले आणि केव्हा कुठला गिअर घ्यायचा हे संगणक ठरवू लागला.

आणि इथं बाजू उलटली. तोपर्यंत ऑटोमॅटिक कच्चं होतं म्हणून क्लचप्लेटचा कच्चेपणा कुणाच्या डोळ्यावर येत नव्हता. भरलेली गाडी चढावर थांबली आणि पुन्हा काढायची झाली की हाताच्या गिअरवाला ‘हाफ क्लच’वर खेळतो. त्या वेळी इंजिन फिरत असतं, चाकं जवळपास थांबलेली असतात आणि मधला सगळा फरक एक प्लेट घासून भरून काढते. तो जळका वास ज्यानं घाटात घेतला असेल तो विसरणार नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्येही तोच फरक असतो, तीच उष्णता असते, पण ती तेलात जाते आणि तेल फिरवून थंड करता येतं. क्लचप्लेट फिरवून थंड करता येत नाही.

अमेरिकेतल्या ऑटोमोबाइल इंजिनीअरांच्या संस्थेनं, म्हणजे एसएईनं, कुठली गाडी किती ओढू शकते हे ठरवण्यासाठी ‘जे-२८०७’ नावाचं मानक केलं. तोवर प्रत्येक कंपनी आपापला आकडा ठोकून देत होती. त्यातल्या चाचण्या वाचण्यासारख्या आहेत. ट्रेलर जोडलेली गाडी १२ टक्के चढावर, म्हणजे आठ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर अशा चढावर, थांबवायची आणि काढायची, पाच मिनिटांत पाच वेळा. मग तेच रिव्हर्समध्ये, पुन्हा पाच वेळा. आपल्या बोरघाटातल्या रेल्वेचा कडक चढ ३७ला १ आहे, यावरून अंदाज करा. दुसरी चाचणी अ‍ॅरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या रस्त्याची. साधारण १८ किलोमीटरांत तीन हजार फूट चढ, बाहेर ३८ अंशांच्या वर तापमान, गाडीतला एसी पूर्ण चालू आणि वेग ठरावीक मर्यादेखाली येता कामा नये. पिकअप गाडीला ती मर्यादा आहे ताशी सुमारे ६४ किलोमीटर.

निकाल आकड्यांतच दिसतो. २०१८ सालच्या ‘रॅम’ पिकअपमध्ये कमिन्सचं एकच ६.७ लिटरचं डिझेल इंजिन होतं. हाताचा गिअरबॉक्स घेतला तर कंपनी त्याचा टॉर्क ६६० पाउंड-फुटांवर रोखून धरायची. सर्वात दणकट ऑटोमॅटिक घेतला तर तेच इंजिन ९३० पाउंड-फूट द्यायचं. इंजिनात खोट नव्हती. क्लच आणि हाताचा गिअरबॉक्स यांना त्याहून जास्त झेपण्याची खात्री कंपनीला नव्हती. शिवाय ऑटोमॅटिक गिअर बदलतो तेव्हा संगणक त्या क्षणापुरतं इंजिन सौम्य करतो. माणसाचा पाय क्लचवरून सटकला तर त्याला कोण सौम्य करणार? फोर्डच्या मोठ्या पिकअपमधून हाताचा गिअर २०११च्या मॉडेलपासून गेला होता. रॅमनं २०१८ नंतर तो बंद केला आणि अमेरिकेत वजनदार ट्रेलर ओढणाऱ्या पिकअपमधला हाताचा गिअर तिथं संपला. हातगिअरच ओढणार म्हणणाऱ्यांची पिढी जिवंत असतानाच हे झालं.

उताराचं मात्र बोलायला हवं, कारण माणसं जास्त मरतात ती उतारावर. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुना नियम. खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला आवरतं, ब्रेकवर भार येत नाही. जुनं ऑटोमॅटिक इथं दगा द्यायचं. अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की त्याला वाटायचं आता आरामात जायचं आहे आणि ते वरचा गिअर टाकायचं. मागून ट्रेलर ढकलतो आहे, पुढं वळण आहे, ब्रेक तापले आहेत. २००१ साली शेव्हरोलेच्या मोठ्या पिकअपला अ‍ॅलिसन कंपनीचं ऑटोमॅटिक मिळालं. त्यात ओझ्यासाठी वेगळं बटण होतं. ते दाबून उतारावर ब्रेकला जरा स्पर्श केला की गिअर आपण होऊन खाली यायचा आणि खालीच राहायचा. माझ्या मते ओढण्याच्या बाबतीत ऑटोमॅटिकनं माणसाची बरोबरी केली ती या बटणानं, चढावरच्या ताकदीनं नव्हे.

आपल्याकडे आणि युरोपात ट्रकनं वेगळीच वाट धरली. गिअरबॉक्स आणि क्लच तेच जुने, लव्हासोरच्या वंशातले. फक्त दांडा हलवणारा हात आणि क्लच दाबणारा पाय यांची जागा हवेच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेनं आणि संगणकानं घेतली. यालाच एएमटी म्हणतात. व्होल्वोचा ‘आय-शिफ्ट’ २००१चा. पुढं २०१६ साली त्याला रांगायचे खास गिअर जोडले, तेव्हा ट्रक आणि ओझं मिळून ३२५ टन जागेवरून हलवता येतील असं कंपनीनं जाहीर केलं. तेलाऐवजी खूप खालचा गिअर वापरायचा, म्हणजे क्लच थोडाच वेळ घासतो. उसाचा ट्रॅक्टरवाला करतो तेच हे.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. ऑटोमॅटिक गाडी बंद पडली तर तिला दोरी बांधून टोचन करू नका. तिच्या गिअरबॉक्सला तेल पुरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत म्हणजे आतले भाग कोरडे घासतात. जुन्या हायड्रामॅटिकला चाकांवर चालणारा दुसरा पंपही असायचा, त्यामुळे तो धक्का मारूनही चालू व्हायचा. नंतर खर्च वाचवण्यासाठी तो काढून टाकला गेला. तेव्हा चालणारी चाकं उचलून किंवा सरळ दुसऱ्या गाडीवर चढवूनच न्यावी.

मामा आता ऐंशीच्या घरात आहेत. मागं गावातल्या एका पोरानं एएमटीचा नवा ट्रक घेतला, तेव्हा हट्टानं त्यात बसून ते खंडाळ्यापर्यंत गेले. केबिनमध्ये क्लचचं पेडल नाही हे त्यांनी वाकून दोनदा पाहिलं. चढ लागला, इंजिनाचा आवाज बदलला तशी त्यांची डावी टाच खालच्या मॅटवर दाबली गेली आणि त्याच क्षणी ट्रकनं खालचा गिअर घेतला. वर पोचल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘क्लचप्लेट किती वेळा बदललीस?’’

पोरगा म्हणाला, ‘‘मामा, अजून पहिलीच आहे.’’